जानेवारीत केदारकंठा: हातमोजे एकावर एक नेमके कसे घालायचे?

कंबरतलाव (प्रश्न)

नमस्कार मंडळी. संक्रांतीला नंदीध्वजांची मिरवणूक झाली की लगेच आम्ही सोलापुरातले सहा जण उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघतोय. कर्नाटक एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून डेहराडून, मग पायथ्याचं गाव सांकरी. बूट, जॅकेट, थर्मल जमलंय. हातांचं गणित मात्र सुटत नाही.

सध्या हाताशी तीन जोड आहेत: गाडीवर उन्हासाठी घालतो ते सुती, घरी विणलेले लोकरी, आणि दुकानदाराने 'वॉटरप्रूफ' म्हणून दिलेले जाड पाच बोटांचे. तिन्ही एकावर एक घातले तर मूठ वळत नाही आणि दहा मिनिटांत बोटांना मुंग्या येतात, तेही घरात बसून.

थर किती हवेत? पाच बोटांचा ग्लोव्ह बरा की चार बोटं एकत्र असलेला मिटन? मिटन घातला तर चेन, मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांवर चढवायचे साखळीचे काटे), मोबाइल कसं करायचं? आमच्यातल्या एकीची बोटं फ्रीजमधलं दूध काढतानाही पांढरी पडतात, तिने काय काळजी घ्यावी? आणि हे सगळं इथल्या हवेत तपासून कसं बघायचं?

दख्खनी_पाऊलवाट

मुंग्या येताहेत म्हणजे रक्त अडतंय, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांची गाठ तिथेच आहे.

हातमोजा ऊब तयार करत नाही. ऊब रक्तातून येते, हातमोजा ती धरून ठेवतो. धरून ठेवते ती धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा. तीन जोड कोंबून घातले की ही हवा दाबून निघून जाते आणि वर बोटांच्या बारीक रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. थंडीत शरीर छाती-पोटातली ऊब राखण्यासाठी हातापायांकडचं रक्त आधीच कमी करतं. त्यात आवळलेला हातमोजा म्हणजे उरलेला नळही बंद. म्हणून दोन सैल थर तीन घट्ट थरांपेक्षा गरम असतात.

उन्हाचे सुती हातमोजे घरीच ठेवा. सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही, आणि पाणी स्थिर हवेच्या साधारण २५ पट वेगाने ऊब ओढून नेतं.

कातडीला लागून पातळ लायनर हवा, मेरिनो लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा. तो बोटांवर नीट बसावा पण आवळू नये, आणि मनगटाच्या वर दोन-तीन इंच यावा. मनगटाच्या आतल्या बाजूला रक्तवाहिन्या अगदी वर असतात. तो भाग उघडा राहिला की बोटांकडे जाणारं रक्त वाटेतच थंड होतं. लायनरवर उबेचा थर: २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) आसपासचं फ्लीस किंवा लोकर. सगळ्यात बाहेर शेल, म्हणजे वारा आणि पाणी अडवणारा मोकळा मिटन, बिनअस्तराचा.

माप असं घ्या. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी गाठींवरून इंची टेप फिरवा. ८ इंच आले तर तुमचा नंबर ८, बऱ्याच कंपन्यांचा मीडियम. मग लायनर ८, फ्लीस ९, शेल १० किंवा ११. तिन्ही घालून मूठ वळा. बोटांची टोकं पुढच्या शिवणीला टेकली नाहीत आणि अर्धा-एक सेंटिमीटर पोकळी राहिली तर माप बरोबर. दोन मिनिटं मूठ उघडझाप करून सगळं काढा आणि मनगट बघा. वेल्क्रोचा किंवा इलास्टिकचा वळ उमटला असेल तर ते सैल करा.

मिटन की ग्लोव्ह? बाहेरचा थर मिटनच. ग्लोव्हमध्ये प्रत्येक बोट चारी बाजूंनी एकटं उघडं पडतं, मिटनमध्ये चार बोटं एका खोलीत एकमेकांना ऊब देतात. कापड तेच असलं तरी फरक लगेच कळतो. बोटं फार गारठणाऱ्यांनी मधला थरही मिटनचाच घ्यावा. फक्त लायनर पाच बोटांचा.

आता कधी काय घालायचं, कारण इथेच लोक चुकतात. चढावर पाठीवर सॅक असताना तळहाताला भरपूर घाम येतो. तेव्हा शून्याच्या खालीही लायनर, फार तर वर फ्लीस, एवढं पुरतं. शेल लागतो तो वाऱ्यात, बर्फ पडताना आणि थांबल्यावर. थांबल्या क्षणी शेल चढवायचा, हात गार वाटायची वाट बघायची नाही. गार पडलेला हात नुसत्या हातमोजाने गरम होत नाही, कारण आत ऊब आणणारं रक्तच कमी झालेलं असतं.

शिखराच्या दिवसाचा अंदाज घ्या. सांकरी साधारण १,९५० मीटरवर, केदारकंठा ३,८०० च्या आसपास. हजार मीटरला ६.५ अंश या ढोबळ हिशेबाने वर १२ अंशांनी जास्त थंडी. पहाटे सांकरीत ० असेल तर माथ्यावर उणे १२, आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते उणे २२ सारखं लागतं. निघायचं असतं पहाटे तीन-चारला, म्हणजे ऊन यायच्या कितीतरी आधी. शेलची खरी गरज त्या चार तासांत.

लोकरवाली_अक्का

वरचं सगळं बरोबर. विणलेल्या जोडीबद्दल मी लिहिते, कारण तीच तुमची सगळ्यात कामाची वस्तू ठरू शकते.

आधी ती खरंच लोकर आहे का बघा. बाजारात 'लोकर' म्हणून मिळते ती बरेचदा कॅशमिलॉन, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम धागा, असते. एक इंच धागा चिमट्यात धरून पेटवा. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर कॅशमिलॉन. कॅशमिलॉन वाईट नाही, कोरडं असेपर्यंत ऊब देतं, पण शेकोटीजवळ वितळतं आणि ते आटवून दाट करता येत नाही. खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही.

हाताच्या विणीची अडचण म्हणजे तिच्या छिद्रांतून वारा आरपार जातो. उपाय दोन. वर शेल घालणे, हा सोपा. दुसरा, लोकर आटवून दाट करणे. त्यासाठी मिटन मुद्दाम ३० ते ४० टक्के मोठा विणायचा, मग ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात साबण घालून जोराने चोळायचा. वॉशिंग मशीनमध्ये एखाद्या जुन्या जीन्सबरोबर टाकला तरी चालतो. दर पाच मिनिटांनी काढून बघा, कारण एकदा जास्त आटला की परत मोठा होत नाही. रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो, म्हणून विणताना बोटांकडची लांबी हात सैल सोडून धरा. आटल्यावर ओला असतानाच लायनर घातलेल्या हातावर चढवून आकार द्या आणि सावलीत वाळवा. यंत्रात धुता येईल अशी प्रक्रिया केलेली मेरिनो घेऊ नका, ती आटतच नाही.

दुसरा पर्याय आपल्या दारचाच: घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, उघड्या कातडीला टोचते, पण लायनरवरच्या मधल्या थराला ती एकदम योग्य. घरातल्या जुन्या घोंगडीच्या चांगल्या राहिलेल्या भागातून एक जोडी निघते. कागदावर लायनर घातलेला हात ठेवा, चार बोटं जुळवून, अंगठा ४५ अंशांत बाहेर. भोवती दोन सेंटिमीटर सोडून रेघ मारा, शिवणीसाठी आणखी एक. मनगटाच्या खाली सात-आठ सेंटिमीटर लांबी ठेवा. घोंगडीची वीण कापल्याबरोबर सुटते, त्यामुळे कापायच्या आधी रेघेच्या आत एक टीप मारून घ्या, कापल्यावर कडेला काजटाका. आणि शिवणीची जाड कड बाहेर राहू द्या, उलटवू नका. आत गेली तर नेमकी बोटांच्या टोकांवर दाबते आणि तेवढाच भाग आधी बधिर होतो. अंगठ्याच्या काखेत कापडाचा छोटा चौकोनी ठिगळ घाला, नाहीतर काठी धरताना तिथेच उसवतं.

शेलही इथे शिवता येतो. बॅगा शिवणाऱ्या कारागिराला सांगा: पाठीला पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगचं नायलॉन, कोटिंगची बाजू आत. तळव्याला बॅगेचं जाड नायलॉन किंवा मऊ चामडं. रेक्झिन नको, थंडीत ताठरतं आणि घडीवर तडकतं. छत्रीचं कापडही नको, काठी धरून दोन दिवसांत फाटतं. माप फ्लीस घातलेल्या हाताचं घ्या आणि भोवती अडीच सेंटिमीटर मोकळे ठेवा. कफ मनगटापासून १५ सेंटिमीटर लांब. मनगटावर सैल इलास्टिक, कफच्या तोंडाला एका हाताने ओढता येईल अशी नाडी. दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा पाणी शोषून आत आणतो. टाचण्या लावू नयेत, कोटिंगच्या कापडाला पडलेलं छिद्र बुजत नाही. कपड्याचे चिमटे लावून धरा. शिवणींवर आतून सीम सीलर (शिवणीची छिद्रं बुजवणारा लेप) लावायचा तो पीयूसाठीचाच. सिलिकॉनचा सीलर पीयूवर धरत नाही, पापुद्रा होऊन निघतो.

सीलर मिळाला नाही तर अडून बसू नका. जानेवारीत त्या उंचीवर पडतो तो बहुधा कोरडा भुसभुशीत बर्फ, झटकला की जातो. शिवणीतून गळण्याचा त्रास पावसात आणि पातळ ओल्या बर्फात जास्त.

हेडटॉर्च_चालू

अण्णा, मी कामाच्या बाजूने सांगतो. मिटन घालून सगळी कामं होत नाहीत, त्यामुळे कामंच मिटनला सोपी करून ठेवायची.

जॅकेट, सॅक, पँटच्या खिशाच्या प्रत्येक चेनला पाच-सहा सेंटिमीटरची दोरीची कडी बांधा, सोलापुरातच. जाड मिटनमध्ये ती दोन बोटांच्या चिमटीत येते. हेडटॉर्चचं बटण फ्लीस घालून दाबता येतं का बघा. सुकामेवा, चिक्की सुट्या पाकिटांतून काढून एका रुंद तोंडाच्या डब्यात ठेवा.

मायक्रोस्पाइक तंबूच्या दारात बसून, निघायच्या आधी चढवा. त्यांचं रबर थंडीत कडक होतं, ते ताणायला जोर लागतो, आणि वाऱ्यात उघड्या हाताने साखळीशी झटापट करणं म्हणजे बोटं गमावायची सुरुवात. लायनर आणि फ्लीस घालून हे जमतं. लायनर घातलेला ठेवूनच धातूला हात लावायचा. ओलसर उघडं बोट उणे तापमानातल्या धातूला चिकटतं.

शेल काढला की कुठे ठेवायचा? दातात धरू नका, श्वासाची वाफ आत जाते. बर्फावर ठेवू नका. जॅकेटच्या आत छातीशी, तोंड खाली करून. आणि प्रत्येक शेलला मनगटात अडकणारी दोरी हवीच. माथ्यावरच्या वाऱ्यात सुटलेला मिटन दरीत जातो, मागे धावायचं नसतं. दोरी सैल फासाची, मनगट आवळणारी नको.

ट्रेकिंग पोलची पट्टी मिटनच्या मापाने वाढवून घ्या. घट्ट पट्टी म्हणजे पुन्हा तेच, रक्त अडणार. बोटं गार पडायला लागली की मूठ ढिली करा, दोन्ही पोल थोडा वेळ एका हातात घ्या आणि मोकळा हात खांद्यापासून गोल जोरात फिरवा, २०-३० वेळा. फिरवण्याच्या जोराने रक्त टोकांपर्यंत ढकललं जातं. मग हात बदला.

कफ बाहीच्या आत की बाहेर? बर्फात हात खुपसायची वेळ येणार असेल तर कफ बाहीवरून. पाऊस असेल तर बाही कफवरून, नाहीतर बाहीवरून ओघळणारं पाणी थेट मिटनमध्ये उतरतं.

फोनसाठी टचचा (टचस्क्रीनवर चालणारा) लायनर चालतो, पण तो ओला झाला की स्क्रीन वेडंवाकडं वागते. फोटो काढायचे ते आडोशाला.

तुमच्या चाचणीबद्दल. इथल्या हवेत ऊब तपासायला जाऊ नका, पाच मिनिटांत घाम येईल आणि काहीच कळणार नाही. तीन गोष्टी मात्र तपासता येतात. पंख्याखाली बसून, सगळे थर घालून, चेन, बकल, डबा, टॉर्च, बुटाची नाडी एकदा करा. 'वॉटरप्रूफ' जोडीत कोरडा टिश्यू पेपर कोंबा, तोंड वर धरून मनगटापर्यंत बादलीत दहा मिनिटं बुडवा, मग टिश्यू बघा. तिसरं, घरच्या फ्रीजरचं तापमान उणे १८ च्या आसपास असतं. त्यात बर्फाचा ट्रे लायनर आणि फ्लीस घालून दोन मिनिटं धरा. मुठीच्या दाबाने कुठे फ्लीस चेपून गारवा आत येतो ते कळतं, बहुधा बोटांची पेरं आणि अंगठ्याची काख.

सिव्हिल_चौक

बोटं पांढरी पडणाऱ्या ताईंबद्दल. थंडीत बोटं पांढरी, मग निळसर, ऊब मिळाल्यावर लाल आणि ठणकणारी, असा क्रम दिसत असेल तर त्याला रेनॉड म्हणतात. जायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच. रक्तदाबाची किंवा मायग्रेनची गोळी चालू असेल तर नाव सांगा. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनी हातपाय आणखी गार पडतात. गोळी स्वतःहून बंद मात्र करायची नाही. ताईंनी मधला थरही मिटन घ्यावा, आणि पहाटे तंबूबाहेर पडताना हात आधीच उबदार हवेत. बोटं पांढरी पडल्यावर थर वाढवून उपयोग होत नाही.

सगळ्यांसाठी: तंबाखू, मावा, सिगारेट ट्रेकभर बंद. निकोटीन ओढा की चघळा, रक्तवाहिन्या आकसतातच. अंगठ्या, कडं, घट्ट बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. बोट सुजलं तर अंगठी निघत नाही. पोट रिकामं ठेवू नका, पाणी कमी पिऊ नका, डोकं-मान झाका. धड गार पडलं की शरीर पहिला कर हातांवर लावतं.

बोटाचा भाग पांढरा, बधिर पण दाबल्यावर मऊ असेल तर ती सुरुवात. लगेच थांबा, हात स्वतःच्या काखेत, कोरडा लायनर बदला. काही मिनिटांत ठणक आणि रंग परत आला तर ठीक, पण त्या दिवशी ते बोट जपा. भाग मेणासारखा कडक झाला आणि ऊब देऊनही रंग येत नसेल तर हिमदंश समजा आणि खाली उतरायला लागा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. शेकोटीवर धरायचं नाही, बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. ३७ ते ३९ अंश कोमट पाण्यात ऊब द्यायची ती पुन्हा गोठणार नाही अशी खात्री असेल तेव्हाच. अर्धवट वितळून परत गोठलं तर नुकसान कितीतरी वाढतं.

कंबरतलाव

खूपच मदत झाली. विणलेला धागा पेटवून पाहिला, केसांचा वास आला आणि राख चुरगळली. आता बादलीची चाचणी लावतो. दोन शंका राहिल्या. हात गरम करायच्या पुड्या घ्याव्यात का? आणि एका मित्राचं म्हणणं, आत नायट्राइलचे (दवाखान्यात वापरतात ते पातळ रबरी) निळे ग्लोव्ह घातले की घामाचा प्रश्नच मिटतो.

दख्खनी_पाऊलवाट

नायट्राइलची कल्पना चुकीची नाही. घाम कातडीपाशीच अडतो आणि बाहेरचं फ्लीस दिवसभर कोरडं राहतं. मोठ्या मोहिमांत, आठवडाभर उणे २० मध्ये, हे करतात. पण केदारकंठाला मी सांगणार नाही. हात आत चिपचिपीत राहतो, आणि एखाद्या कामासाठी मिटन काढला की तो ओला हात थेट वाऱ्यात. घालायचेच असतील तर एक माप मोठे घ्या, आत अगदी पातळ लायनर, आणि मुक्कामावर पोचल्याबरोबर ते काढून हात पुसून कोरडा लायनर. त्यापेक्षा लायनरचे तीन जोड नेणं सरळ.

पुड्या प्रत्येकी दोन जोड ठेवा, शिखराच्या पहाटेसाठी. आत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि त्यातून ऊब निघते. ३,८०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहून कमी, त्यात मिटन बंद, म्हणून पाकिटावर लिहिलेली ऊब वर मिळत नाही. पुडी निघायच्या पंधरा मिनिटं आधी फोडून आतल्या खिशात ठेवा, नीट गरम झाली की मगच मिटनमध्ये घाला. जागा लायनर आणि फ्लीसच्या मध्ये, हाताच्या पाठीवर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला. तळहातात ठेवली की काठी धरताना दबते आणि हवा मिळत नाही. उघड्या कातडीवर कधीच नको. अर्धी वापरून झाली तर हवाबंद झिपच्या पिशवीत बंद करा, गंजणं थांबतं आणि पुन्हा उघडल्यावर चालू होतं. रिकाम्या पुड्या सॅकमधून परत खाली.

हेडटॉर्च_चालू

वाळवायचं राहिलं. दुपारी मुक्कामावर ऊन असतं तेव्हाच लायनर सॅकवर उलटे करून टांगा, तो तासभर वाया घालवू नका. रात्री ओलसर लायनर थर्मलच्या आत पोटाशी, किंवा गरम पाण्याच्या घट्ट झाकणाच्या बाटलीला गुंडाळून स्लीपिंग बॅगमध्ये. फ्लीसही बॅगमध्येच. शेलवरचा बर्फ आधी झटकून टाका, मग तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाशी ठेवा. बाहेर ठेवला तर सकाळी लाकडासारखा ताठ होतो आणि हात आत शिरत नाही. शेगडी-शेकोटीजवळ काहीच वाळवू नका, फ्लीस वितळतं, चामडं आकसून कडक होतं.

भाड्याचे हातमोजे घेणार असाल तर आत हात घालून अस्तराचा ओलावा बघा आणि हात बाहेर काढताना अस्तर उलटं ओढलं जातंय का तेही. अस्तर शेलला शिवलेलं नसेल तर पहाटे अंधारात बोटं परत जागेवर जात नाहीत.

कंबरतलाव

बादलीचा निकाल: उजवा कोरडा, डावा अंगठ्याच्या शिवणीतून ओला. आणि अस्तर आत चिकटवलेलं नाही, ओढलं की निघतं. आता काय करू?

लोकरवाली_अक्का

मग अस्तर पूर्ण काढूनच टाका. उरलेलं बाहेरचं कापड हा पाच बोटांचा शेल झाला. लायनरवर तो घालून मुक्कामावर बर्फ भरायला, तंबूच्या खुंट्या काढायला वापरा, तिथे बोटं सुटी लागतात. डाव्या अंगठ्याची शिवण उलटी करून पीयू सीलरचा पातळ हात द्या, रात्रभर वाळू द्या, दुसऱ्या दिवशी दुसरा हात, आणि परत बादली. माथ्यासाठी मात्र मिटनचा शेल वेगळा शिवून घ्या. कारागिराकडे जाताना तुमची विणलेली जोडी आधी आटवून, वाळवून, हातात घालूनच जा, म्हणजे माप खरं येईल.